दहा माणसांचं तळघर

मिस ओलेटा आमच्या शाळेत जेवण वाढायच्या. ताटात घेवडा टाकून उठलेल्या पोराला त्या जन्मभर विसरत नाहीत. मी आता दाढी राखतो, तरी कुंपणापलीकडून हाक तीच, "काय रे टेट, घेवडा संपवलास का?"

ओक्लाहोमात वसंत आला की वादळाचे भोंगे वाजायचेच. पूर्वी भोंगा झाला की अख्खी गल्ली त्यांच्या अंगणातल्या तळघरात शिरायची. गल्लीत तळघर तेवढं एकच होतं. खाली कंदील, पीचच्या बरण्या आणि पत्ते. त्यांचे यजमान हॉइट उघडउघड लबाडी करायचे, आणि वादळ डोक्यावरून निघून गेलं तरी डाव संपल्याशिवाय कोणी वर येत नसे.

मग एकेका घराने गॅरेजच्या जमिनीत पोलादी पेटी पुरून घेतली. आम्हीही घेतली. झाकण सरकवायचं नि उतरायचं. पाय भिजत नाहीत, शेजाऱ्याचं तोंडही बघावं लागत नाही. पुढे हॉइट वारले. गेल्या हिवाळ्यात त्या जुन्या तळघराचं छत खचलं, तेव्हा मिस ओलेटांनी नवं करायला घेतलं आणि सोबतीला मला बसवून विक्रेत्याला बोलावलं. त्याचं नाव रँडल.

"माणसं किती, मॅम?"

"दहा."

रँडलने पायरीकडे पाहिलं. तिथे बुटांचा एकच जोड होता. "घरात राहता किती जण?"

"ते तू कुठे विचारलंस?"

मी हसू दाबलं.

"गॅरेजमध्ये पोलादी बसवू या. भर पावसात बाहेर पडायला नको."

"अंगणात. काँक्रीटचं. रस्त्यावरून दार दिसलं पाहिजे."

"या वयात पावसातून पळणार तुम्ही?"

"मी कशाला पळू? लोक येतील ना पळत."

रँडलने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या माहितीपत्रकात डोकं घातलं.

"कडी आतून देतो, भक्कम."

"बाहेरूनही उघडली पाहिजे."

"बरं. पण वस्तू अशी देतो, मॅम, की नातवंडांनाही पुरेल. पाण्याचा थेंब आत येणार नाही, माझी हमी."

"थेंबाचं राहू दे रे. बाक लांब दे."

तळघर झालं. मिस ओलेटांनी बरण्या मांडल्या, पत्त्यांचा नवा जोड आणला आणि येताजाता प्रत्येकाला सांगितलं, "दार उघडंच असेल हं." सगळे म्हणाले, "येऊ की!"

मे महिन्यात भोंगा वाजला. आम्ही आमच्या पेटीत गुडघ्याला गुडघा लावून फोनमध्ये वादळ बघत बसलो. ते गावाबाहेरूनच गेलं.

सकाळी पाहतो तर मिस ओलेटा बादलीने तळघरातलं पाणी उपसतायत. कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून पत्ते टांगलेले, राजाराणी सगळे. मी बादली घेतली. तेवढ्यात रँडल आला. वादळानंतर तो आपल्या कामांवर नजर टाकत फिरत असतो. पाणी बघून त्याचा चेहरा पडला. खाली उतरून त्याने भिंती चाचपल्या, सांधे बघितले, दाराच्या पट्टीवर बोट फिरवलं.

"मॅम, गळायला कुठे जागाच नाही. मग एवढं पाणी आलं कुठून?"

"पाऊस तिरका होता."

"आणि दार?"

"दाराला काही झालेलं नाही," मिस ओलेटा म्हणाल्या. "चांगलं केलंयस. एकदा उघडं ठेवलं की उघडंच राहतं, कितीही वारा असू दे."