त्या गोळ्यांची बाजू

परवा पेपरच्या पुरवणीत वाचलं, की लकव्याच्या झटक्यात मेंदूचं नुकसान कमी व्हावं म्हणून बायकांच्या शरीरातली हार्मोन्स औषधासारखी वापरता येतील का, याचा शोध चालू आहे. मी माझ्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानात होतो. समोर विहिरीवरची जळालेली मोटार उघडी पडली होती आणि हातात तांब्याची तार. वाचलं आणि एकदम हलकं वाटलं. बायको बरी होईल म्हणून नव्हे, मी सुटलो म्हणून. त्याची लाज वाटायला दुपार व्हावी लागली.

आमच्या नेरमध्ये महालक्ष्म्या बसायच्या आधी बऱ्याच घरांत एक खरेदी गुपचूप होते. सुनेची पाळी सणात येणार असली, की ती पुढे ढकलायच्या गोळ्या आणायच्या. बायका मागायला लाजतात, म्हणून नवऱ्याला पाठवतात. मेडिकलवाला काही विचारत नाही, काळ्या पिशवीत घालून देतो. कापूर-सुपारीसोबत मीही त्या वर्षानुवर्षं आणल्या आणि कधी पाकिटावरचं वाचलं नाही. मोटारीची वायर मात्र दहादा तपासून घेतो!

मागच्या वर्षी महालक्ष्म्या उठल्या आणि लगेच बहिणीकडे सत्यनारायण निघाला. आई म्हणाली, "अजून थोड्या गोळ्या आन बाप्पा. तिच्याबिगर तिथं सैपाक कोन पाह्यन?" मी आणल्या. बायको डोकं धरून बसायला लागली होती. मी म्हणालो, "उपासाचं पित्त आहे, चहा घे." बहिणीच्या स्वयंपाकघरात पुरणाचं पातेलं उतरवताना तिचा उजवा हात गळाला. काय झालं विचारलं, तर तोंडातून शब्द निघेना.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मेंदूच्या शिरेत रक्त गोठलंय. कोणत्या गोळ्या चालू होत्या, तेही विचारलं. मी सांगितलं. त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ती चालते, तुटक बोलते. तिची वेणी मी घालतो, ती दुपारपर्यंत सुटते. आई आल्यागेल्याला "नजर लागली" म्हणून सांगते आणि मी तिथंच बसून ऐकतो. बायकोनं मात्र गोळ्यांचं नाव एकदाही काढलं नाही. तिला आठवत नसेल, असं मी धरून चाललो होतो. तेवढाच माझा आधार होता.

या खेपेला तपासणीला गेलो तेव्हा पुरवणीचा तो कागद खिशात होता. टेबलावर पसरला आणि विचारलं, "डॉक्टर, हे औषध हिले चालन का?"

त्यांनी वाचलं. म्हणाल्या, "यावर अजून अभ्यास चालू आहे. माणसांमध्ये फायदा पक्का झालेला नाही. यांच्यासाठी तर हे नाहीच."

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण जीभ आवरेना. "पन हार्मोनच ना हे? मंग त्या गोळ्यायनं मेंदू थोडा वाचलाच असन. नाई त यापेक्षा जास्त झालं असतं. असं असू शकते ना?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "त्या गोळ्या वेगळ्या, दादा. काही जणींमध्ये त्यांच्यामुळे रक्त गोठायचा धोका वाढतो."

मी हिच्यासाठी औषध विचारायला आलोच नव्हतो, हे त्यांना कळलं होतं. मान वर करायची हिंमत होईना.

बायको शेजारीच बसली होती. तिनं डाव्या हातानं तो कागद पुन्हा डॉक्टरीणबाईंसमोर सरकवला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बाई... यायले... हो म्हना न. गोळ्यायपासून... झोपत नाई ते."

डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या नाहीत.