झाडणीची तूर

सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, नागनाथ हमालासारखं पोतं कुणी उचलत नाही, हे नागनाथचंच मत. बाकीच्यांचं तो विचारत नसे. पोत्यात लोखंडी आकडा खुपसायचा, हिसक्यासरशी पाठीवर घ्यायचं आणि सांडत सांडत ट्रकपर्यंत न्यायचं. त्याच्या मागं तुरीची रांग लागे आणि रांगेमागं खराटा घेतलेली चांगुणाबाई.

लिलाव उरकल्यावर जमिनीवर पडलेलं धान्य झाडणारीचं, असा मोंढ्याचा जुना रिवाज. चांगुणाबाई एकटा जीव. झाडायची, पाखडायची, खडे वेचायची. वर्षाची डाळ त्यातच निघे, वर शेजारणींना वाटीभर उसनी द्यायची ऐटही. एखाद्या दिवशी कमी सांडलं की विचारायची, "नागू, आज हात लय आखडता हाय रं, बायकोशी भांडलास का?"

यंदा तुरीच्या हंगामात काही माणसं वजनकाटा घेऊन आली. शेतातून गिरणीपर्यंत जाताना किती धान्य वाया जातं, ते त्यांना मोजायचं होतं. चांगुणाबाईचं सूपही त्यांनी काट्यावर ठेवलं. बाई हरखली. "माजी कमाई मोजायलेत बगा!" त्या कमाईचं कागदावरचं नाव नासाडी, हे तिला कुणी सांगितलं नाही.

"हे सांडणं कमी कसं होईल?" त्यांच्यातल्या रोहिणी मॅडमनं विचारलं. म्हातारे हमाल तंबाखू मळत राहिले. त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! नागनाथला मात्र राहवलं नाही.

"त्यात काय मॅडम! आकडा सोडा, दोघांनी पोतं धरा, खाली ताडपत्री टाका. मग दाणा वाया गेला तर मिशी ठेवणार न्हाई."

मिशी राहिली. आकडे गेले, ताडपत्र्या आल्या. त्यांच्यावरचा दाणा शेतकऱ्याच्या मापात परत पडू लागला, त्याला वाईट कोण म्हणेल? नागनाथला शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो मोबाईलवर गावभर फिरला.

चांगुणाबाई सवयीनं येत राहिली. झाडलं की नुसता धुरळा उडे. ती काही बोलेना आणि तेच नागनाथला सोसेना. चार शिव्या घातल्या असत्या तर भाकर तरी गोड लागली असती. एका दुपारी त्यानं ताडपत्रीवरची ओंजळभर तूर रुमालात बांधून तिच्यापुढं धरली.

"घे मावशी. झाडणीची समज."

"झाडली कुणी? म्या तर न्हाई." तिनं खराटा भिंतीला टेकवला. "सांडलेलं घेत व्हते तवर मोंढ्याची झाडणारी व्हते, नागू. हे घेतलं तर भीक हाय. तेवढी तरी इज्जत ऱ्हाऊ दे."

ती निघून गेली. तेवढ्यात मापाडी ओरडला, "ये मिशीवाल्या, कुणाची तूर बांधायलास?"

नागनाथनं गाठ सोडून तूर ताडपत्रीवर ओतली.

चांगुणाबाई पुन्हा आली नाही. आता मोंढा कुणी झाडत नाही. चहात धूळ पडली, की सगळे हमाल नागनाथकडं बघतात. तो आपल्या कपातच बघत बसतो.