खाटगाडीची टाकी

गॅरेजमध्ये किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. चार माणसं एका गाडीखाली पालथी पडली, की काम हातभर आणि बोलणं कोसभर! मी सुतार. लढाईच्या दिवसांत शहाद्याला उस्मानचाचांच्या गॅरेजात मोटारींच्या लाकडी बॉड्या बांधायचो. तिथले किस्से सांगायला बसलो तर भाकरी गार होईल, म्हणून एकाच गाडीचे सांगतो.

गाडी एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. जुन्या लॉरीवर लाकडी खोली बांधलेली. आत औषधांचं कपाट, स्टोव्ह आणि सागवानी खाट. गाव तिला खाटगाडीच म्हणायचं! डॉक्टर आणि त्यांच्या बाई वर्षानुवर्षं त्या गाडीतून सातपुड्यात हिंडले. डॉक्टर नाडी बघायचे, बाई जखमा धुवायच्या. आदल्या पावसाळ्यात बाई गेल्या, आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच.

फाल्गुनात डॉक्टरांनी पुन्हा डोंगरात जायचं ठरवलं. पण पेट्रोलची टाकी खालून गळत होती, आणि रेशनचं पेट्रोल मातीला पाजणं कुणाला परवडणार? टाकी काढून झाळायला हवी होती. ती बसवलेली वरून, निघणारही वरूनच. आणि बरोब्बर तिच्यावर ती खाट, गाडीच्या खांबांत खाचा मारून पक्की केलेली! ज्या सुतारानं ती बसवली, त्याच्या नावानं मी रोज सकाळी बोटं मोडायचो.

"खाटेची एक पट्टी कापली की झालं," मी म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, टाकी कशीही काढा. खाटेला करवत लावायची नाही. ती बाईंची आहे."

मी करवत परत खुंटीला टांगली.

* * *

पहिल्याच दिवशी आमचे बस ड्रायव्हर सुकलालनाना बघायला आले. नाना म्हणजे दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायला सदा मोकळे! गाडीखाली वाकून म्हणतात कसे, "पेट्रोलना वास ई ऱ्हायना रे भो!" आणि तोंडात पेटलेली बिडी!

उस्मानचाचांनी शेजारची पाण्याची बादली उचलली आणि नानांच्या डोक्यावर उपडी केली.

नाना निथळत उभे. बिडी वर धरून म्हणाले, "आरे, बिडी मन्ह्या हातमा शे, पानी डोकावर कसाले?"

चाचा म्हणाले, "आग वहीं लगी है, नाना!"

* * *

पण हसावं कुणाला? चाचा मूळचे लोहार. गंजलेला बोल्ट दिसला की भट्टीत लोखंड लाल करायचं आणि बोल्टाला टेकवायचं, हा त्यांच्या तीन पिढ्यांचा हात. दुसऱ्या दिवशी टाकीच्या पट्ट्याचा बोल्ट हलेना. चाचा उठले, सांडशीत लालभडक सळई धरली आणि आपल्याच तंद्रीत निघाले टाकीकडे!

आम्ही सगळे एकदम ओरडलो. चाचा जागीच थांबले. सळईकडे बघितलं, टाकीकडे बघितलं, आणि आमच्यावरच खेकसले, "चिल्लाते क्यों हो? मला काय कळत नाही?"

मग त्यांनी मुकाट्यानं भट्टीवर पाणी ओतलं. म्हणाले, "टाकी बाहेर निघेपर्यंत भट्टी बंद. हाताचा भरोसा नाही." कळसाडीचे लोक बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायला आले आणि तसेच परत गेले. चाचांना त्याचं वाईट वाटत होतं, पण भट्टी काही त्यांनी पेटवली नाही.

* * *

बोल्ट शेवटी तेल पाजून सुटला, पण टाकी गंजून जागीच चिकटलेली. नंतरची अक्कल नानांची. टाकीला साखळी बांधायची, साखळीला बैल जुंपायचे, आणि मागून एक हिसका द्यायचा. निदान जागची तरी हलेल! ब्राह्मणपुरीच्या एका पाटलांची जोडी आणली. नानांनी "हुर्र्र!" केलं. बैलांनी मान खाली घातली आणि ओढलं.

टाकी तसूभर हलली नाही. अख्खी गाडी चालायला लागली! गॅरेजातून बाहेर, रस्त्यावर, थेट किराणा दुकानापर्यंत. आम्ही मागून धावतोय, नाना बैलांना शिव्या देताहेत, आणि गाडीच्या मागच्या खिडकीतून डॉक्टरांचं डोकं बाहेर आलं. आत खाटेवर बसून चहा पीत होते बिचारे.

"निघालो का आपण?" त्यांनी विचारलं.

सगळे हसले. तेही हसले. पण मी खिडकीजवळ होतो. खाटेवर बसताना ते एका कडेला अंग चोरून बसले होते, अर्धी खाट मोकळी सोडून.

* * *

शेवटी चाचांनी दाज्याला हाक मारली. दाज्या वर डोंगरातल्या काठी गावचा. उन्हाळ्यात आमच्याकडं घण मारायला यायचा. अंगात रेड्याची ताकद, आणि बोलणं आठवड्याला एक वाक्य.

"खाटेवर चढ, फळ्यांच्या फटीतून हात घाल आणि टाकी तिरकी करून वर खेच. तुझ्यानंच होईल," चाचा म्हणाले.

दाज्या हलेना. "खाटवर पाय ठेवानं नई. पालनी शे."

होळी जवळ आली होती. काठीच्या होळीत नवसाचा बुध्या होऊन, अंगभर राखेचे ठिपके काढून नाचायचं, तर आधीचे दिवस पाळणी असते: खाटेवर बसायचं नाही, अंघोळ नाही, पायात वहाण नाही. नाना लगेच सुरू झाले, "कोन्हासाठे नवस शे रे? बायको पळी गई का?"

चाचाच नानांवर उखडले, "माझ्या रोज्यात तू मला चहा पाजशील का? मग त्याला कशाला छळतोस?"

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी दाज्या आपलं बोचकं बांधून काठीला निघाला. टाकी तशीच. डॉक्टर गाडीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "दाज्या, नवस कशाचा रे?"

दाज्या घुटमळला. मग म्हणाला, "बाईना."

"कुठल्या बाईचा?"

"आपली बाई. तिले ताप व्हता, वर डोंगरमा, तव्हय बोलनू. पाच होळीना नवस. हाई तिसरी."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "अरे, बाई तर गेली ना."

"ते नंतर. तव्हय ते उठनी व्हती ना? काठीनी होळी देखाले उनी, मन्हा नाच देखीसन हासनी." दाज्या जमिनीकडं बघत होता. "देवनी त्येन्हं काम करं. आते मन्हं ऱ्हायनं."

नानांनी पुढं होऊन दाज्याच्या हातातलं बोचकं आपल्या हातात घेतलं.

डॉक्टरांनी बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी मातीत उभे राहिले.

"ही धरून तीन होळ्या राहिल्या ना? मीही पाळीन. काय काय पाळायचं, सांग."

दाज्यानं थोडा विचार केला.

"पयलं म्हंजे, खाटवर बसानं नई."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "मिस्त्री, करवत आणा."