डोंगरावर ठेवलेला बॅकअप

पंचगंगेकाठी एका मालकांची छोटी फौंड्री होती आणि त्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळायचो. कशाचीही किंमत ऐकली की ते आधी डोळे मिटायचे, मग विचारायचे, "आणि न्हाय घेतलं तर?"

ओतायच्या नगांची सगळी ड्रॉइंग्ज एकाच कॉम्प्युटरवर होती. त्यांची नक्कल पुण्याच्या सर्व्हरवर ठेवू, दरमहा भाडं पडेल, असं मी सुचवलं.

"ड्रॉइंग्ज काय पुण्याला कॉलेजात घातल्यात व्हय, खोलीभाडं भरायला?"

त्यापेक्षा ते ड्रॉइंग्जच्या सीड्या भरून जोतिबाच्या डोंगरावर थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे ठेवू लागले. "तिथवर पूर चढत न्हाय की."

एका पावसाळ्यात पुराचं पाणी ऑफिसात शिरलं आणि कॉम्प्युटर बुडाला. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघं आक्कांकडे गेलो. सगळ्या सीड्या अंगणात दोरीला टांगलेल्या होत्या, उन्हापावसानं पापुद्रे सुटलेल्या.

"ह्या उन्हाळ्यात एक पाखरू वाळवणाला शिवलं न्हाय," आक्का कौतुकानं म्हणाल्या. मग त्यांनी भावाचा चेहरा पाहिला. "कामाच्या हुत्या व्हय रं?"

"छे गं आक्का. टाकायच्याच हुत्या. आणखी देतो पाठवून."

पुण्याचं भाडं त्याच आठवड्यात सुरू झालं. पुढं कित्येक महिने मालक तयार नगांना कॅलिपर लावून, मापं घेऊन एकेक ड्रॉइंग नव्यानं काढून घेत होते. दिवाळीला आक्का फौंड्रीत आल्या आणि एवढं काय मोजतोयस म्हणून विचारू लागल्या.

"ऑडिट हाय," मालक म्हणाले, आणि त्यांनी मला चहा सांगायला बाहेर पाठवलं.