पाहण्यापुरते दात

माझा समोरचा एक दात कॉलेजात असताना गेला. निरगुडसरहून स्कूटीवर जाताना रस्त्यात पडलेल्या उसावर चाक घसरलं आणि मी तोंडावर आपटले. वर्षभर तशीच हिंडले, ओढणी तोंडापुढे धरून हसले, घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मग वारूळवाडीचं स्थळ सांगून आलं. रविवारी पाहुणे येणार होते. गुरुवारी दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला नारायणगावला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मोकळ्या जागेत दात बसवायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासून बारीक करायचे, मग त्यांच्या आधारावर तीन दातांचा ब्रिज बसतो. पक्का ब्रिज तयार होईपर्यंत वर प्लास्टिकचा कच्चा बसवतो. त्याने कडक चावायचं नाही आणि पंधरा दिवसांत यायचंच, नाही तर आतले घासलेले दात सडतात. वडील मान डोलवत होते. त्याच दिवशी कच्चा ब्रिज बसला.

रविवारी मी पोहे घेऊन बाहेर गेले आणि सांगितल्याप्रमाणे हसले. पसंती आली, महिन्याभरात लग्नही उरकलं. मधल्या काळात मी वडिलांना तीनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा ते चिडले.

"काम झालं न्हाई का? आता दवाखान्यात कुनी बघितलं तर पावनं म्हनतील, पोरीत खोट व्हती ती लपीवली. सासरी बी कुनाला बोलायचं न्हाई."

आणि मी, गाढव, नाही बोलले. दोन वर्षं. दवाखाना सासरहून चालत जाण्याइतका जवळ, भाजी आणायला जाताना रोज त्याच्यावरून जायचे. कणसं भाजली की पोट भरलंय म्हणायचे. भाकरी दुधात कुस्करून खायचे, तर सासूबाई कौतुकाने सांगायच्या, सुनेला दूध लई आवडतं. पुढे तोंडाला वास यायला लागला, तेव्हा नवऱ्याशीही मान वळवून बोलायला लागले.

एका सकाळी चूळ भरताना तो ब्रिज बेसिनमध्ये पडला. आरशात दोन काळे खुंट दिसले. नवरा मागेच उभा होता. आता संपलं सगळं, असं मला वाटलं.

"आधी बोलली असतीस तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी नेलं असतं की," तो म्हणाला.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट संतापच आला. ज्यांच्या भीतीने मी माझे धडधाकट दात सडवले, त्यांना त्याचं काहीच नव्हतं. एक खुंट उपटावा लागला. मग आधारासाठी पलीकडचा चांगला सुळाही घासला.

यंदा वडिलांचा एक दात गेला. भावाने त्यांना नेऊन कच्चा ब्रिज बसवून आणला आणि मग तो स्वतः आळेफाट्याला आपल्या गॅरेजच्या कामात अडकला. मी भेटायला गेले तर वडील भाकरी बाजूला सारून मऊ भात खात होते.

"पोरी, तू तरी ने," ते म्हणाले. "आज तेरावा दिस हाय. पंधरा दिसांत पक्का बसवला न्हाई तर आतलं दात सडत्यात. डॉक्टरनं बजावलंय."

शब्द न् शब्द पाठ होता. म्हणजे माझ्या वेळीही त्यांना सगळं समजलं होतं. इतकी वर्षं मी मनाला सांगत आले होते की शेतकरी माणूस, दवाखान्यातलं काय कळणार त्यांना.

"काम झालं न्हाई का, दादा?" मी विचारलं.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग ताटाकडे बघून भात कालवायला लागले.

चौदाव्या दिवशी मीच त्यांना घेऊन गेले आणि पक्का ब्रिज बसवून आणला. परतताना त्यांनी गाडी थांबवून पेरू घेतला, करकरून चावून बघितला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही.