मतदार यादीतली फुली

महापालिकेला मी उभी होते तेव्हा कामोठ्यात घरोघर फिरण्याची माझी पद्धत ठरलेली होती. लिफ्टने शेवटच्या मजल्यावर जायचं आणि एकेक दार करत जिन्याने खाली यायचं. सोबतची कार्यकर्ती मतदार यादी धरायची. मत आपलं असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली.

एका दारात आजोबांनी पाणी येत नाही म्हणून मला दहा मिनिटं झापलं. कार्यकर्ती फुली मारायला निघाली. मी म्हटलं, "बरोबर कर. मत द्यायचंच नसेल तर कोण कशाला घसा कोरडा करेल?" खालच्या मजल्यावर एका जोडप्याने बसवून सरबत दिलं, "तुम्हालाच हं," म्हणाले. तिथे फुली. माणसं ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे मी आजही सांगेन.

पहिल्या मजल्यावर माझी सख्खी नणंद राहते. तिने हसत दार उघडलं, आमच्या हातावर तिळाच्या वड्या ठेवल्या आणि म्हणाली, "वहिनी, तुलाच गं. हे काय विचारायचं झालं?"

जिन्यात कार्यकर्तीने मला न विचारताच बरोबरची खूण केली. मी तिच्याकडून पेन्सिल घेतली, खूण खोडली आणि फुली स्वतःच्या हाताने मारली.