अक्कानं भरलेला कर

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. घरात कधी विषय निघालाच तर मी तो पाऊसपाण्याकडे वळवायचो. आता लिहितोय, कारण जिला हे सांगायला हवं होतं ती राहिली नाही. याला धैर्य म्हणत नाहीत, हे मला कळतं.

उमरग्यात माझा एक मित्र होता. ट्रकचा धंदा करायचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. मी बँकेत नोकरी केलेली, म्हणून कागदपत्रातलं मला सगळं कळतं असा त्याचा समज. त्यानं मृत्युपत्र केलं आणि एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे तो गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे वाटप करणारा म्हणून, माझं नाव घातलं. हायवेलगतचा त्याचा प्लॉट विकायचा. निम्मे पैसे पुण्याच्या पुतण्याला, निम्मे थोरल्या बहिणीला. ही बहीण, आमची अक्का, येरमाळ्याला देवीच्या वाटेवर खण-नारळाचं दुकान मांडायची. तरुणपणीच विधवा झालेली, सगळा जन्म भाड्याच्या खोलीत गेलेला. दवाखान्यात तो मला एवढंच म्हणाला, "अक्काला मरायच्या आधी सोताचं घर होऊ दे."

तो गेला. प्लॉट चांगल्या भावानं विकला गेला. करसल्लागारानं तेव्हाच बजावलं होतं, "साहेब, मेलेला माणूस कर भरायला येत नाही. प्लॉटच्या नफ्यावरचा कर आधी बाजूला काढा, मग वाटा. सगळं वाटून मोकळे झालात तर सरकार तुम्हालाच धरणार."

मी मान डोलावली. थांबायचं ठरवलंही. तेवढ्यात वर्षश्राद्ध आलं. आमच्या भागातल्या जुन्या माणसांत अशी रीत आहे की मेलेल्याचं जे काही आपल्यापाशी असेल ते वर्षश्राद्धाला ज्याचं त्याला देऊन टाकायचं. त्यापुढं ते आपल्याकडे ठेवणं बरं नव्हे. पंगतीत भावकीतला एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, आमचा माणूस जाऊन वरीस झालं. त्याचं पैसं आजून तुमच्याच मुठीत? व्याज लई गोड लागाय लागलं व्हय?"

पंगत हसली. नोकरीभर माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही. त्याच दुपारी, पत्रावळी उचलायच्या आत, मी दोन चेक लिहिले आणि सगळं वाटून टाकलं. कराचं काहीच मागं ठेवलं नाही. म्हातारा म्हणाला, "शाबास, माणूस असावा तर असा." खरं सांगतो, मला बरं वाटलं.

अक्कानं दोन खोल्यांचं घर घेतलं. नव्या चुलीवरचा पहिला चहा मला दिला.

पुढं नोटीस आली, माझ्याच नावावर. कर, वर व्याज आणि दंड. सल्लागारानं पुन्हा समजावलं: दोघांकडून आपापल्या वाट्याचा कर परत मागा, कुणी दिला नाही तर तो तुमच्या खिशातून, आणि व्याज-दंडाची चूक तर तुमचीच. मी पुतण्याला फोन लावला.

"काका, एक्झिक्युटर तुम्ही का मी?"

"मी. पण..."

"मग तुमचं तुम्ही निस्तरा. दिलेला आहेर कुणी परत मागतं का हो?" आणि हसून फोन ठेवला.

माझ्यापाशी पैसे नव्हते असं नाही. निवृत्तीची ठेव होती. पण ती मोडायची तर बायकोला, मुलाला सांगावं लागलं असतं की बँकेतल्या हुशार माणसानं पंगतीतल्या एका टोमण्यापायी काय करून ठेवलं. मी येरमाळ्याची एसटी धरली.

अक्का दुकानात नारळ पुसत बसली होती. "अक्का, प्लॉटच्या पैशावर कर निघालाय," मी म्हणालो.

"कुणावर?"

याला खरं उत्तर एकच होतं, माझ्यावर. मी म्हणालो, "तुमच्यावर."

"आन् पुण्याचं लेकरू?"

"त्यानं त्याचं भरलं." तेही खोटं. मी तिला आकडा सांगितला तो पुरता होता, तिचा वाटा, पुतण्याचा वाटा, माझ्या चुकीचा दंड, सगळं धरून.

तिनं हातातला नारळ खाली ठेवला. मग म्हणाली, "घरच जाईल की रे, बाबा."

मी खाली बघत राहिलो.

"जाऊ दे. माझ्या भावानं सरकारचं बुडवलं आसं न्हाय म्हणू कुणी. तुला तरी किती हेलपाटे आमच्यापायी. जेवून जा."

मी जेवलो. त्या घरात, तिच्या हातचं पिठलं-भाकरी, दोन भाकरी खाल्ल्या.

घर विकलं गेलं, कर भरला गेला, अक्का परत भाड्यानं राहायला गेली. त्यानंतर दरसाल यात्रेच्या आधी मी तिच्याकडे जायचो, सांगायचंच असं ठरवून. गिऱ्हाईक यायचं, किंवा तसं मला वाटायचं. एकदा दुकानात कुणीच नव्हतं. मी सुरुवात केली, "अक्का, तो कर..."

"भरला न्हवं? माझा भाऊ मोकळा झाला," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी त्याच्याच आड लपलो. तिचं समाधान मोडू नये म्हणून गप्प राहिलो, असं पुढं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी भ्यालो होतो.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. खोलीच्या मालकानं तिरडी अंगणात बांधू दिली नाही. शेजाऱ्यांनी ती रस्त्याच्या कडेला बांधली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची धूळ अक्काच्या तोंडावर बसत होती. पाणी पाजायला सगळे रांगेनं पुढं येत होते. माझी पाळी आली. मी वाकलो, तिच्या ओठांवर पाणी सोडलं. अक्का, तो कर तुमच्यावर नव्हता, माझ्यावर होता, मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "सरका साहेब, मागं माणसं हायत." मी सरकलो.